पावसात किती ताटं?

माझा पहिला नकाशा मी आईला दाखवला तेव्हा ती पडवीत बोंबील निवडत बसली होती. लॅपटॉप बाहेर नेला असता तर त्याला तो वास कायमचा लागला असता, म्हणून मी तिलाच आत बोलावलं, आणि ती हात न धुता आली. नकाशा लोकसंख्येचा होता. डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतली सगळी गावं, आणि दर शंभर माणसांमागे एक ठिपका. ठिपके नेमके कुठे पडायचे ते सॉफ्टवेअर ठरवतं. आपण गावाची हद्द आखून द्यायची, ते हद्दीच्या आत अक्षता टाकल्यासारखे ठिपके उधळून देतं. ऑफिसात सगळ्यांनी वाखाणलेल्या त्या नकाशात माझी एक चूक राहून गेली होती. किनाऱ्यावरच्या गावांची हद्द मी पार ओहोटीच्या चिखलाच्या पलीकडे ओढली होती, त्यामुळे बरेचसे ठिपके समुद्रात पडले होते.

आईच्या ते लगेच लक्षात आलं. मी ओशाळले, पण ती खूश झाली. तिचं म्हणणं, नकाशा अगदी बरोबर आहे, आपली माणसं पाण्यातच तर असतात. माझे वडील आयुष्यभर बोटीवर होते, त्यामुळे यावर वाद घालायला मला जागा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी हद्द दुरुस्त केली आणि सगळे ठिपके मुकाट जमिनीवर आणले. आईच्या मते तो नकाशा तेव्हापासून बिघडला.

मी डहाणूत पाणीपुरवठ्याच्या एका कार्यालयात कंत्राटावर काम करते. भूगोलात एम.ए. केलं, वर नकाशांच्या सॉफ्टवेअरचा कोर्स केला, आणि हे काम म्हणजे नक्की काय ते घरी समजावून सांगायचा नाद लवकरच सोडून दिला. शेजारणींनी विचारलं की आई सांगते, "कॉम्प्युटरवर रंग भरते." यात खोटं काहीच नाही. माणसं किती हा एक तक्ता, पाणी किती हा दुसरा. पाण्याला माणसांनी भागलं की माणशी रोजचा वापर निघतो, आणि त्या आकड्याप्रमाणे गावं आणि पाडे रंगवायचे. कमी पाण्याला गडद तपकिरी, पुरेशा पाण्याला फिका पिवळा. वरच्या लोकांना तक्ते वाचायला वेळ नसतो, गडद रंग मात्र त्यांना लांबूनही दिसतो. गडद दिसला तो पाडा नव्या टाकीच्या यादीत जातो. फिका दिसला तो पुढच्या वर्षावर ढकलला जातो, आणि पुढच्या वर्षाचं काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे.

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच कबूल करते. माझ्या नकाशावर कोणी शंका घेतली तर जरा जास्तच.

आईचं शिक्षण चौथीपर्यंत. चाळीस वर्षं तिने सुकी मासळी विकली. टोपली घेऊन ती डहाणूहून एसटीने चारोटीला जायची, तिथून मिळेल त्या गाडीने हायवेने तलासरीकडे, आणि पुढे पायी पाड्यापाड्यांवर. वाटेतल्या शेठांशी ती गुजरातीत बोलायची, पाड्यावर वारलीत, आणि साहेबी मराठी तिने माझ्यासाठी राखून ठेवली होती. आता वय झालं, गुडघे बोलतात, म्हणून वर्षातून दोनदाच बाहेर पडते. एकदा चैत्रात विवळवेढ्याच्या जत्रेत बसायला आणि एकदा पावसाच्या तोंडावर, आगोट पोचवायला. आगोट म्हणजे पावसाळ्याचे चार महिने पुरेल इतकं मीठ-मिरची, कांदे, सुकी मासळी घरात भरून ठेवणं. भाताच्या आवणीच्या दिवसांत चिखलातून घरी आलेल्या माणसाला भाकरीबरोबर भाजलेला बोंबील मिळाला की त्याचं सगळं मिळालं. आई घराच्या दारात उभी राहून एकच प्रश्न विचारायची, "पावसात किती ताटं?" उत्तर आलं की ती न बोलता तेवढी मासळी काढून द्यायची. नंतर कोणाला कमी पडली नाही की कोणाकडे उरून वास मारला नाही. हा प्रश्न मी लहानपणापासून इतक्या वेळा ऐकला होता, की तो प्रश्न आहे हेच मी विसरून गेले होते.

तलासरीकडच्या एका टेकाडावरच्या पाड्यात आईची मैत्रीण राहते. मी तिला मावशी म्हणते. तिच्या ओट्यावर टोपली ठेवून आई घटकाभर टेकायची, भाकरी खायची, मग उरलेली घरं करायची. मावशी दर वेळी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि आई दर वेळी म्हणायची, "तहान नाही." यावरून मावशी तिला छळायची. मला हाताशी धरून सांगायची, "तुझे आयला आमचे पाड्यावर तहानच नाय लागं."

नववीच्या मे महिन्याच्या सुट्टीत मी धाकटी टोपली घेऊन आईबरोबर गेले होते. ऊन मी म्हणत होतं. मावशीने दिलेला तांब्या मी घटाघटा प्यायले आणि दुसरा मागितला, तर आईने मला असा चिमटा काढला की दंडावर चार दिवस निळा डाग होता. परतीच्या वाटेवर चारोटीला पोचताच ती हॉटेलात शिरून तीन ग्लास पाणी प्यायली. मी विचारलं तर उत्तर नाही. मग मीच उत्तर काढलं. आपण समुद्राकाठचे, ते डोंगरावरचे, म्हणून हिला त्यांच्या हातचं पाणी चालत नाही. शाळेत समतेवर निबंध लिहून बक्षीस मिळवलेली मी, मला आईची लाज वाटली. ती तिथली भाकरी मात्र रीतसर खायची, हे माझ्या रागाला सोयीस्करपणे दिसलंच नाही. तो राग मी पुढे बरीच वर्षं मनात ठेवला.

तर तीन वर्षांपूर्वी, वैशाख संपताना, मी पाण्याच्या वापराचा नकाशा पुरा केला. दहा दिवसांनी बैठक होती आणि त्यात टाक्यांची यादी ठरायची होती. आईला तोवर नकाशे बघायची सवय लागली होती. तिने चष्मा लावला, आधी डहाणूचा समुद्र शोधला, मग बोटाने बोर्डीपर्यंत वर जाऊन तिथून आत वळली, आणि बरोबर मावशीच्या पाड्यावर थांबली. पाडा फिका पिवळा होता.

"हा पिवळा कसा?"

मी सांगितलं, तिथे माणशी पाणी पुरेसं पडतं, आकडा तसा आहे.

"आकडा तिथे कधी गेलेला?"

माझं डोकं तापायला लागलं. मी तिला ऐकवलं की आकडा घरबसल्या काढलेला नाही, माघ महिन्यात नेमलेली माणसं फॉर्म घेऊन घरोघर फिरली आहेत. ती हसली. माघात पाड्यावर कोण असतं, असं तिने मलाच विचारलं. म्हातारी, पोरं आणि कोंबड्या. बाप्ये गुजरातेत बोटींवर असतात, जोडपी वीटभट्टीवर असतात. चैत्राच्या जत्रेपासून एकेक परतायला लागतो, लग्नं उरकतात, आणि पावसाच्या तोंडावर पाडा गच्च भरतो. माणसं सगळी येतात आणि नेमकं तेव्हाच पाणी नसतं.

"घरात किती माणसं, असं विचारलं तर लोक आत बघून सांगतात," ती म्हणाली. "ताटं विचारायची. ताटं विचारली की बोटीवरचा पण आठवतो. तू पाण्यातले ठिपके पुसलेस ना, तसंच झालंय हे."

मला हे ठाऊक नव्हतं असं नाही, आणि तेच जास्त लागलं. मी बोटीवर जाणाऱ्या माणसाची मुलगी. आमचं घर वर्षातले आठ महिने एका माणसाने कमी असायचं, आणि माघात कोणी मोजायला आलं असतं तर माझे वडील जगात नाहीत असंच लिहून गेलं असतं. तरी मी आलेला तक्ता घेतला, भागाकार केला आणि सुंदर पिवळा रंग भरला. मी तक्ता पुन्हा उघडला. शेवटच्या रकान्यात कितीतरी घरांपुढे 'कुलूप' असा शेरा होता आणि माणसांच्या रकान्यात शून्य. मावशीच्या घरापुढे दोन होते. आईला विचारलं तर तिने विचारही न करता सांगितलं, "नऊ ताटं. लेकीचं बाळंतपण असलं तर दहा."

दुसऱ्या दिवशी मी आमच्या अभियंता साहेबांकडे गेले. साहेब निवृत्तीला आलेले, भले गृहस्थ, चिकूचे शौकीन, आणि कागदाला फार जपणारे. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, आकडा बदलायला माझी ना नाही. पण नकाशाच्या कोपऱ्यात स्रोत लिहावा लागतो. तिथे मी काय लिहू, आईची टोपली?"

मी रागावून काहीतरी बोलणार होते, पण त्यांनीच पुढे उपाय सांगितला. पाडा नव्याने मोजून आणा. घरागणिक सही किंवा अंगठा, खाली ग्रामपंचायतीचा शिक्का. बैठकीच्या आधी कागद टेबलावर आला तर रंग बदलेल. नाही आला तर यादी आहे तशी जाईल.

मी एकटीच जाणार होते. आईने मला वेड्यात काढलं. फॉर्म घेऊन आलेल्या बाईला लोक काय सांगणार, म्हणाली, फॉर्मवाले त्यांनी खूप बघितलेत. तिने आगोटीची फेरी आठ दिवस अलीकडे ओढली, माझ्या हातात धाकटी टोपली दिली आणि फॉर्म टोपलीत बोंबलांवर ठेवले. ते कागद अजून ऑफिसच्या कपाटात आहेत. ते कपाट उघडलं की कारकून नाक दाबतो आणि माझ्याकडे बघतो.

पाडा खरोखरच भरला होता. दारादारांत बाप्ये दिसत होते, कोणी नांगराला फाळ बसवत होतं, कोणी नुसतंच घरी असण्याचं सुख घेत होतं. माघात कुलूप असलेल्या घरांच्या वळचणीला ओले कपडे वाळत होते. आई दारात उभी राहायची, ताटं विचारायची, मासळी काढायची, आणि मागे मी नावं लिहून अंगठा घ्यायचे. एका म्हाताऱ्याने कुत्र्याचंही ताट धरलं, तो पावसात भाकरी खातो म्हणून. एका घरी सून जावयाला मोजायला तयार नव्हती आणि सासू त्याला सोडायला तयार नव्हती. आईने निवाडा केला की आवणीला हात लावणार असेल तर ताट धरायचं. जावई ओट्यावरच बसला होता, त्याने निमूट मान हलवली. इतकं हसत मी कुठलाही तक्ता भरलेला नाही.

शेवटी मावशीकडे आलो. नऊ ताटं. मी नऊ लिहिलं आणि आईकडे बघायचं टाळलं.

मावशी पाणी आणायला निघाली होती. तिचाही गुडघा सुजलेला, एक पाय ओढत चालायची. घरच्या पोरी सकाळपासून दोन खेपा करून आलेल्या, म्हणून तिसऱ्या खेपेला ती जात होती. मी हंडा घेऊन तिच्याबरोबर उतरले. आई ओट्यावरच थांबली. टेकाडावरची विहीर कोरडी होती, तळात नुसता ओलसर गाळ. वाट तिच्या बाजूने खाली नाल्यात उतरत होती. नाल्याच्या वाळूत खड्डा केलेला, त्यात पाणी झिरपत होतं. बायका रांगेने बसल्या होत्या. एकीने करवंटीने हंडा भरायचा, मग पाणी पुन्हा साठेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं. आमची पाळी यायला इतका वेळ लागला की मावशीने मला तिच्या सगळ्या नातवंडांची गाऱ्हाणी सांगून संपवली. चढताना मी एकच हंडा घेतला होता, त्यातलं निम्मं पाणी हिंदकळून माझ्याच अंगावर सांडलं. मावशी माझ्यापुढे दोन हंडे घेऊन चालली होती. तिने मागे वळून सांडलेलं पाहिलं आणि पुन्हा चढायला लागली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

वर आल्यावर तिने दम घेतला, हंडे उतरवले आणि रिवाजाप्रमाणे तांब्या भरून माझ्यापुढे धरला. माझा घसा कोरडा पडला होता. नववीत प्यायलेले दोन तांबे मला आठवले.

"तहान नाही," मी म्हणाले.

मावशी हसत आईकडे वळली. "ही पण आयवर गेली."

आई माझ्याकडे बघत होती. काही वेळाने तिने नजर काढून घेतली आणि टोपली आवरायला लागली.

परत येताना हायवेला गाडीची वाट बघत आम्ही उभ्या होतो. मी तिला विचारलं की इतक्या वर्षांत मला हे सांगितलं का नाही. ती म्हणाली, सांगायचं काय त्यात. मग आपणहून बोलली, "भाकरी त्यांचे शेतात पिकते. पाणी कुठे होतं?" मला रडू आलं. मी आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि तिला सगळं सांगितलं, निबंध, बक्षीस, तिची वाटलेली लाज, सगळं. ती म्हणाली, चिमटा जरा जोरात बसलेला खरा. त्यावर आम्ही दोघी हसलो.

शिक्का मिळवायला दोन दिवस गेले, कारण शिक्का ज्यांच्याकडे असतो ते लग्नाला गेले होते. बैठकीच्या आदल्या दुपारी मी नवे आकडे भरले. पाणी तेवढंच, माणसं तिपटीहून जास्त. बटण दाबताच पाडा पिवळ्याचा एकदम गडद तपकिरी झाला. रंग गडद झाला म्हणून आनंद व्हावा, असं हे विचित्र काम आहे. कोपऱ्यात मी लिहिलं, 'स्रोत: घरोघरी मोजणी, आगोटीच्या वेळी, ताटांप्रमाणे.' साहेबांनी चष्मा वर करून ते दोनदा वाचलं. 'ताटांप्रमाणे' खोडतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पेन उघडलं, थोडा वेळ हातात धरलं, आणि खाली सही केली. इतर पाड्यांचेही माघातले आकडे पुन्हा तपासायचे, असा शेरा त्यांनी स्वतःहून मारला. त्यासाठी पुढच्या ज्येष्ठात मला दोन्ही तालुके पायी हिंडावे लागले, ते वेगळं.

पाडा यादीत आला. टाकी लगेच झाली नाही, सरकारी कामाला लागतो तेवढा वेळ लागला. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला, मध्येच पाइप आले आणि नुसतेच पडून राहिले. मावशी फोनवर मला पाइपांची खुशाली कळवायची. त्यावर कोंबड्या कशा बसतात तेही सांगायची. शेवटी गेल्या होळीनंतर पाणी आलं. सकाळी एक तास येतं, पण ओट्याच्या कडेलाच नळ आहे.

यंदा आगोटीला आई आणि मी लवकर निघालो. चारोटीला मी नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली घ्यायला गेले, तर आईने हात धरून मला मागे ओढलं. टेकाड चढताना ती दोनदा थांबली. ऊन डोक्यावर यायच्या आत आम्ही मावशीच्या ओट्यावर पोचलो, नळाला अजून धार होती. आईने टोपली खाली ठेवली. ती बसली नाही, ताटंही विचारली नाहीत.

"पाणी दे," ती म्हणाली.

मावशीने तांब्या नळाखाली धरला, भरला आणि दिला. आईने तो वर धरून एका दमात संपवला, पाणी हनुवटीवरून गळ्यावर उतरलं, आणि तिने रिकामा तांब्या परत पुढे केला. दुसराही तसाच संपवला. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा मी मावशीकडे पाहिलं. टोमणा मारायची इतकी चांगली संधी तिला चाळीस वर्षांत मिळाली नव्हती. तिने ती सोडून दिली. पदराने तोंड पुसलं, तांब्या काठोकाठ भरला आणि आईच्या हातात दिला.

मग मीही ओंजळ पुढे केली.